चाळीस पावलांवरची वाट

"थांबा! अजिबात हलू नका!"

ती एक पाय उचलून तशीच उभी राहिली. समोर गवतात एक जण लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता, आणि तिच्या बुटापासून वीतभर अंतरावर जमिनीत काहीतरी यंत्र पुरलेलं होतं.

"साप आहे का?"

"नाही. तुम्ही आहात. जमीन हादरतेय."

पहिल्याच भेटीत कुणी आपल्याला भूकंप ठरवावं, याचा तिला राग आला. पण त्याचे डोळे हसत होते, त्यामुळे राग काही नीट जमला नाही.

या माळावर वैज्ञानिकांची नवी वसाहत उभी राहणार होती. आराखडा तिचा होता. झाडं, ओढा, तळं आधी. इमारतींनी त्यांच्या अधेमधे अंग चोरून बसायचं. सगळ्या प्रयोगशाळांतली माणसं जिथे रोज एकमेकांना भेटणार, ती जुन्या झाडांखालची पायवाट तर तिचा जीव की प्राण. नेमकी तिच्याच शेजारी मोठ्या सूक्ष्मदर्शकांची इमारत येणार होती, आणि त्यांना पावलांचा हादराही सोसत नाही. तो हादरे मोजायला आला होता. त्याच्या दोन आठवड्यांच्या मोजणीवर ती वाट राहणार की नकाशावरून पुसली जाणार, हे ठरणार होतं.

"मग चालून दाखवा," तो म्हणाला. "रोज. आधी यंत्रापासून वीस पावलांवरून, मग तीस, मग चाळीस."

"आणि तुम्ही?"

"मी बसणार. मला एका जागी बसायची सवय आहे."

"मला नाही. पायाला भिंगरी आहे माझ्या."

"ते यंत्राने मघाशीच सांगितलं."

ती रोज चार वाजता चालू लागली. वारा गवत लोळवत जायचा, कधी भुरभुर पाऊस यायचा. तो मान वर न करता म्हणायचा, "आज चिडलायत कुणावर तरी..." आणि ते खरं असायचं! पावलांवरून एवढं ओळखणारा माणूस डोळ्यांत काय काय वाचेल, या धास्तीने ती त्याच्याकडे बघायचं टाळायची. टाळता टाळता दहादा बघायची.

घरी तिच्या येरझाऱ्या बघून वहिनी म्हणाली, "वन्सं, फरशी झिजेल! टेका की घटकाभर."

ती टेकली आणि लगेच उठली. मोजणी संपली की तो दुसऱ्या शहरात जाणार होता. तिचं कशातच लक्ष लागेना.

दुसऱ्या गुरुवारी तर ऑफिसातल्या बैठकीने तिला सहापर्यंत अडकवून ठेवलं. कळवणार कसं? नंबर मागायला इतक्या दिवसांत निमित्तच सुचलं नव्हतं.

शनिवारी, शेवटच्या दिवशी, त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "चाळीस पावलांवर यंत्राला काहीच कळत नाही. वाट झाडांच्या पलीकडच्या बाजूने न्या. राहिली तुमची वाट."

तिला उडी मारावीशी वाटली. यंत्राच्या भीतीने मारली नाही. मग तिची नजर गुरुवारच्या रेघेवर गेली. तिथे नुसता कल्लोळ होता.

"गुरुवारी मी आलेच नव्हते. मग हे कोण चाललं?"

"वारा... असेल."

"वाऱ्याला पाय असतात?"

तो गवत उपटू लागला. "मी," तो म्हणाला. "चार ते सहा. फाटकापर्यंत जायचो, परत यायचो... तू येतेस का बघायला." मग दचकला. "सॉरी — तुम्ही."

"राहू दे. तूच बरं आहे."

"तो दिवस वाया गेला. सोमवारी पुन्हा मोजावा लागेल. येशील?"

"येईन. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी..."

"मोजणी सोमवारीच संपेल."

"मी मोजणीचं बोलतच नाहीये," ती म्हणाली.

त्याने उठून तिचा हात हातात घेतला. यंत्र अजून चालूच होतं. पण त्या दोन आठवड्यांत पहिल्यांदाच तिचे पाय जागचे हलले नाहीत.