सोबत कोणी नाही

परतवाड्याहून पहिली जीप धरून चिखलदऱ्याला आले, तेव्हा दरी धुक्याने भरलेली होती. श्याम कड्यावर थर्मास घेऊन थांबला होता. तो जंगलात गाईड आहे, ललितचा जुना दोस्त. त्याने दिलेला चहा प्यायले. साखर होती की नव्हती, कळलं नाही. वर्षभर असंच चाललंय.

ललित, माझा नवरा, गेल्या हिवाळ्यात पक्ष्यांचे आवाज टिपायला याच दरीत उतरला आणि वर आलाच नाही. पुष्कळ शोधाशोध झाली. काही सापडलं नाही. आता सासूबाईंनी गावी, भातकुलीला, उद्या पुण्यानुमोदन ठरवलंय, म्हणजे गेलेल्या माणसासाठीचा बौद्ध विधी. माझा होकार तेवढा अडलाय. मी हो म्हटलं की ललित नाही, असं ठरणार. मी विज्ञान शिकवते. पुराव्याशिवाय हो म्हणणं जड जातं, म्हणून म्हटलं, आधी दरी तरी पाहू.

ललितची एक पद्धत होती. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी तो पक्ष्याचं नाव, तारीख आणि सोबत कोण, हे बोलून ठेवायचा. मला पहाटेची झोप प्यारी, मी कधी गेलेच नाही. त्यामुळे शेवट ठरलेला, ‘सोबत कोणी नाही.’ ‘ऐक, नीलम,’ म्हणत मला डिवचायला घरी तेवढंच वाजवायचा.

ऊन चढलं, धुकं विरू लागलं. खालच्या सागावर भृंगराज येऊन बसला. काळाकुट्ट, शेपटीला लांब दोन पिसं.

"लय नकल्या पाखरू आहे, वहिनी," श्याम हळूच म्हणाला. "जे आयकलं, थेच बोलते."

पक्ष्याने शिकारी शिक्र्याची नक्कल केली. मग बकरीची. मग कुणीतरी घसा खाकरल्यासारखं झालं.

ते खाकरणं मी आठ वर्षं ऐकलं होतं.

"भृंगराज," ललितचा आवाज म्हणाला. "चौदा डिसेंबर, दोन हजार पंचवीस."

मी मोबाइल पाहिला. आज तेरा तारीख होती.

"सोबत नीलम."

पक्षी उडाला. फांदी थोडा वेळ हलत राहिली.

"आयकलं काय तुमी?" मी विचारलं.

श्यामने दुर्बीण खाली घेतली. "उद्याचं त्यानं कोणाजवळून आयकलं, वहिनी?"

मला भीती वाटायला हवी होती. नुसतं हलकं वाटलं.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "मंग करू ना, बाई, उद्याचा कारेकरम? भंतेजीले सांगा लागते."

"करा," मी म्हणाले.

त्या रडल्या. मग नाक ओढत म्हणाल्या, "तू येजो लवकर."

"माह्यासाठी थांबू नोका, आई."

फोन ठेवून मी श्यामला खाली उतरायची वाट विचारली. त्याने मान फिरवली. काही बिघडलं नाही. वाट मला तिथूनच दिसत होती.