सपातांचा आठवा जोड

एल्डन मॅकरेला शेनझेनमध्ये सहा वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात त्याला चिनी भाषेतलं एकच वाक्य धड बोलता येत होतं: "या, विमानात आपलं स्वागत आहे." तेसुद्धा हवाई सुंदरी मिआओ यिंगने महिनाभर घोकून घेतलं म्हणून. कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा हा सत्तावन्न वर्षांचा कॅप्टन दारात उभा राहून प्रत्येक पाहुण्याला ते ऐकवी आणि पाहुणे खूश होऊन आत शिरत. बाकीचं सगळं चिनी बोलणं सहवैमानिक फांग जुनच्या गळ्यात पडलेलं होतं.

विमान छत्र्यांचे कारखानदार तान बाओलियांग यांचं होतं. बारा जागांचं, आतून दुधासारखं पांढरं. दाराशीच एक कपाट होतं. पाहुण्यांनी आपले जोडे त्यात ठेवायचे आणि मिआओने पुढे केलेल्या पांढऱ्या मऊ सपाता पायांत घालायच्या. प्रत्येक सपातेवर सोनेरी दोऱ्याने सारस पक्षी भरलेला. मिआओ पाहुण्यांची मोजदाद जोड्यांवरून करी. "माणसं इकडेतिकडे हलतात, कॅप्टन," ती म्हणायची. "जोडे गप्प बसून राहतात."

त्या दिवशी छिंगमिंग होता, पितरांच्या समाध्या झाडून स्वच्छ करण्याचा दिवस. तानसाहेब सहा नातेवाइकांना घेऊन सकाळीच ग्वेइचौच्या डोंगरातल्या आपल्या गावी निघाले होते. सात माणसं, सात जोडे. एल्डनचं मन मात्र घड्याळात अडकलं होतं. परवा त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, मॉराचं, लग्न होतं. रात्री आठला हाँगकाँगहून सुटणारं विमान मिळालं तरच तो वेळेवर घरी पोहोचणार होता. परतीच्या उड्डाणाला दोन चाळीसची वेळ मिळाली होती. ती हुकली तर पुढची थेट संध्याकाळी सातला. मग लग्न फोनवरच बघायचं.

गावापाशी उतरल्यावर हातात चार तास होते. तानसाहेबांनी आग्रहच धरला की कॅप्टननेही समाधीवर यावं. मुलीचं लग्न आहे ना, मग आमच्या आजीला सांगूनच जा, तिला लग्नकार्याचा भारी सोस होता, असं ते म्हणाले तेव्हा सगळे हसले आणि एल्डनला नाही म्हणवेना.

चहाच्या झुडपांमधून वाट वर जात होती. रात्री पाऊस झाल्याने लाल माती जोड्यांना धरून बसत होती. समाधीवरचं गवत काढलं, संत्री मांडली, पेल्यात दारू ओतली, कागदी नोटा जाळल्या. मग एकेकाने पुढे होऊन आजीशी गप्पा मारल्या. कुणी मुलाचे गुण सांगितले, कुणी आपलं दुखणं. फांग एल्डनच्या कानाशी हळूच सगळं समजावत होता. आजीने जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता. आकाशात घरघर ऐकू आली की हातातलं काम टाकून, लहानपणी बांधून चिमुकल्या ठेवलेल्या पावलांनी ती अंगणात यायची आणि कपाळाला हात लावून वर बघत राहायची. इथला विमानतळ झाला तो ती गेल्यावर तीन वर्षांनी.

"कॅप्टन, तुम्हीही दोन शब्द बोला," तानसाहेबांची आत्या म्हणाली. ऐंशीची बाई, आजीची थोरली लेक.

एल्डन गडबडला. टोपी काढून त्याने तीनदा वाकून नमस्कार केला आणि सवयीने, अगदी स्पष्ट उच्चारांत, आपलं ते एकमेव वाक्य म्हणून टाकलं.

 आत्याला असं हसू फुटलं की तिने डोळे पुसले, आणि तिच्याबरोबर सगळा डोंगर हसल्यासारखा झाला. खाली येईपर्यंत जो तो ते वाक्य कॅप्टनच्या ढंगात म्हणून दाखवत होता.

दोन वाजून वीस मिनिटांनी सगळे विमानात बसले. एल्डन तपासणीची यादी वाचत होता तेवढ्यात मिआओ कॉकपिटच्या दाराशी आली.

"कॅप्टन, कपाटात आठ जोडे आहेत."

"माणसं?"

"सात."

एल्डनने स्वतः जाऊन डोकी मोजली. सातच. कपाटात लाल मातीने माखलेले सात जोडे होते आणि कडेला आठवा, काळ्या कापडाचा, हातभर नव्हे, वीतभरसुद्धा नाही एवढासा. त्याचे तळ कोरडे होते. मातीचा एक कणही नव्हता.

ज्याला त्याला विचारून झालं. कुणाचेच नव्हते. शेवटी आत्याने एक जोडा हातात घेतला, टाचेवरून अंगठा फिरवला.

"हा टाका माझा आहे," ती म्हणाली आणि जोडा होता तसा ठेवून दिला.

एल्डनला आपलं काम ठाऊक होतं. ज्या वस्तूचा मालक विमानात नाही ती वस्तू खाली उतरवायची. सुरक्षावाल्यांना कळवायचं. मग सगळं विमान रिकामं करून तपासणी. दोन एकतीस झाले होते. त्याने जोडे उचलले. हातात काही घेतल्यासारखं वाटेना, इतके ते हलके होते.

आत्याने त्याची बाही धरली. फांगने तिचं बोलणं सांगितलं, पण त्याच्याकडे न बघता. "बोलावलंत तुम्ही, कॅप्टन. आता दारातून परत नका पाठवू."

एल्डनने जोडे परत कपाटात ठेवले.

मिआओने काही न विचारता शेवटच्या खिडकीपाशी सपातांचा एक जोड मांडला. समोर गरम पाण्याचा पेला ठेवला.

दोन चाळीसला विमान उडालं. वाटभर आत्या त्या रिकाम्या खुर्चीला ढग दाखवत होती, नद्यांची नावं सांगत होती. तानसाहेब हसत होते. मिआओ म्हणाली, इतका आनंदी प्रवास वर्षात झाला नव्हता.

शेनझेनला सात माणसं उतरली. सात जोडे गेले. काळे कापडी जोडे कपाटातच राहिले.

पेला रिकामा होता. खुर्चीपाशी ठेवलेल्या सपाता कुठेच नव्हत्या. मिआओने सगळ्या जागांखाली वाकून पाहिलं.

"आजींचा प्रवास संपलेला दिसत नाही," एवढंच ती म्हणाली आणि कपाट लावून घेतलं.

एल्डन हसला आणि बॅग उचलून पळाला. हाँगकाँगचं विमान त्याला अकरा मिनिटं राखून मिळालं.

हॅलिफॅक्सला बर्फ वितळत होतं. लग्नघरातून व्हायोलिन ऐकू येत होतं. मॉरा नवरीच्या वेशात धावत दारापर्यंत आली, बापाच्या गळ्यात पडली आणि रडता रडता हसली.

आतून एल्डनच्या बहिणीने ओरडून विचारलं, "अरे, चहा नको, कॉफी नको, नुसतं गरम पाणी कोणाला हवं होतं?"



एल्डन बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकला. दाराशी पाहुण्यांच्या चिखलाने भरलेल्या बुटांचा ढीग होता. त्याच्या कडेला, नीट जोडीने, दोन पांढऱ्या सपाता. टाचा दाराकडे, चवडे घराच्या आत. सोनेरी सारसावर वितळलेल्या बर्फाचा एक थेंब.

त्याने एका सपातेत हात घालून पाहिला. ती अजून गरम होती.