तीनदा विचारणारा माणूस

बनारसच्या लहुराबीर बाजारात गेले होते ती फक्त पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, आणायला. लांब दांड्याचा, सपाट टोकाचा, जाड मुठीचा. दुकानदारानं तो वर्तमानपत्रात गुंडाळला, वर सुतळीची गाठ मारली आणि विचारलं, "किसके लिए, बिटिया?" "अपने लिए," म्हटल्यावर तो हसला. असं हसणाऱ्यांशी मी कॉलेजचं पहिलं वर्ष भांडण्यात घालवलं. आता वेळ नाही.

आमच्या दुर्गाघाटाच्या गल्लीत शिरले तेव्हा अंधारत होतं. १९९८ सालातली वैकुंठ चतुर्दशी. आई बालाजी घाटावर कीर्तनाला निघाली होती. मी दारातच तिला अडवलं.

"गॅस बंद केलास? केलास? नक्की केलास?"

माझी चुलतबहीण रुचा फिदीफिदी हसली. "अवनी, एकदा विचारलं तरी कळतं गं माणसाला!"

"तिच्या बाबांची सवय आहे ती," आई म्हणाली आणि पदर सावरत पायऱ्या उतरून गेली.

पुडा न सोडताच मी मधल्या मजल्यावर मशीनच्या डोक्यावर ठेवला. मशीन म्हणजे व्हिडिओ गेमचं, उभं, माझ्यापेक्षा उंच प्लायवूडचं कपाट. समोर काच, खाली एक दांडा, दोन बटणं आणि नाणं टाकायची फट. बाबांनी आणि त्यांच्या भागीदारानं, नरहरकाकांनी, ते छावणीतल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून बिघडलेलं आणलं होतं. ब्रह्माघाटाजवळ दुकान काढून तिथं ठेवायचं ठरलं होतं. ते झालं नाही. शहाऐंशी साली याच तिथीला बाबा त्या मशीनवर काम करताना गेले. मी आठ वर्षांची होते. मशीन जिन्याच्या तोंडाशी होतं तिथंच ताडपत्रीखाली राहिलं.

यंदा उन्हाळ्यात मी ताडपत्री काढली. उंदरांनी खाल्लेल्या वायरी बदलल्या, प्लायवूड घासून रंगवलं, बटणं दालमंडीच्या बाजारातून शोधून आणली. उरली होती ती पिक्चर ट्यूब. जुनी काढून नवी बसवायची होती, आणि ते मी उद्या सकाळी करणार होते.

ट्यूबचं एक असतं. मशीन बंद केलं, प्लग काढला, तरी तिच्यात करंट बसून राहतो. म्हणून पेचकसाच्या दांड्याला वायर बांधायची, वायरचं दुसरं टोक मशीनच्या लोखंडी सांगाड्याला लावायचं, आणि पेचकस ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवायचा. टक्क आवाज होतो, ठिणगी पडते, करंट निघतो. पण थोडा काचेत उरतो आणि परत वर येतो. म्हणून पुन्हा एकदा. मग पुन्हा. तीनदा. त्यानंतरच हात घालायचा.

बाबांनी काढायच्या आधीच हात घातला. झटक्यानं मागे फेकले गेले आणि दगडी जिन्यावरून खाली पडले. "दत्तात्रेय उतावळा होता," हे नरहरकाकांनी तेव्हा सांगितलं आणि मग सगळ्यांनीच सांगितलं. मी स्कूटर शिकायला निघाले तेव्हा. इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा. इंदूरच्या स्थळाला नाही म्हटलं तेव्हा. "बापासारखीच उतावळी!" बारा वर्षं हे एकच वाक्य माझ्या पुढ्यात आडवं टाकलेलं.

नरहरकाका नात्यातले नव्हेत. बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त आणि भागीदार. आमच्याच घरात तळमजल्यावर राहायचे. कार्तिकात दर संध्याकाळी गच्चीवर यायचे आणि बाबांच्या नावाचा आकाशदीप वर चढवायचे. वेताच्या टोपलीत पणती ठेवायची आणि दोरीनं बांबूच्या टोकाला न्यायची. वाट दिसावी म्हणून, गेलेल्यांना. आई दरवर्षी त्यांना म्हणायची, "तुम्ही आहात म्हणून होतं हो हे सगळं."

त्या संध्याकाळी रुचा आणि मी काकांबरोबर गच्चीवर होतो; टोपली वर पोचली आणि सगळ्या मोहल्ल्याची बत्ती गेली. पंचगंगा घाटापर्यंत सगळे घाट काळे. फक्त बांबूंच्या टोकांवरचे दिवे.

"काका, भुताची गोष्ट," रुचा म्हणाली. "माहोल तयार आहे."

मला वाटलं, झालं, आता तासभर पिंपळ आणि पांढरी साडी. पण काकांनी दोरीचं टोक हातातच ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"उद्या ट्यूब काढणार म्हणतेस?"

"हो."

"मग ऐक. गोष्ट नाही, घडलेलं आहे. मिर्झापूरला माझ्या ओळखीचा एक टीव्ही मेकॅनिक होता. नाव कशाला हवं. त्यानं आणि त्याच्या भागीदारानं असंच एक मशीन दुरुस्तीला घेतलं होतं. घराच्या माळ्यावर काम चालायचं. एका संध्याकाळी भागीदारानं करंट काढायच्या आधी हात घातला. माळ्यावरून पडला. गेला."

"म्हणजे आमच्या बाबांसारखाच," मी म्हटलं.

"तसंच. होतं असं या धंद्यात." काकांनी दोरी दुसऱ्या हातात घेतली. "मशीन झाकून ठेवलं. सात वर्षं गेली. त्र्याण्णव साल उजाडलं. अशीच चतुर्दशी होती. घरातली माणसं लग्नाला गावी गेलेली. याला वाटलं, विकून टाकू, डोळ्यांसमोरून जाऊ दे. सहा वाजून चाळीस मिनिटांनी तो माळ्यावर चढला. घड्याळ पाहिलं होतं त्यानं."

"आणि?"

"ताडपत्री सोडली. मागची फळी काढली. सात वर्षं बंद मशीन. त्यात कसला करंट? त्यानं हात आत नेला... आणि मागून कुणीतरी विचारलं."

"काय विचारलं?"

"काढला?"

रुचानं शाल गच्च ओढून घेतली. खाली घाटावर कुणाची तरी घंटा वाजत होती, ती थांबली.

"त्यानं वळून पाहिलं. कुणी नाही. पुन्हा हात नेला. पुन्हा तेच. या वेळी जवळून. काढला? हात तिथंच राहिला त्याचा. बाहेर येईना. आणि आतून, त्या मेलेल्या ट्यूबमधून... आवाज यायला लागला. बारीक. चालू टीव्हीजवळ कान नेला की येतो ना, तसा. प्लग नव्हता. वायर उंदरांनी खाल्लेली. मग तिसऱ्यांदा. अगदी कानाशी. काढला?"

दोरी त्यांच्या हातात हलत होती, म्हणून वरचा दिवाही हलत होता.

"मग?"

"हात ओढून घेतला आणि पळाला. उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही. म्हणून म्हणतो, पोरी, त्या मशीनला हात लावू नकोस. ट्यूब-बिब काही नको. राहू दे झाकून."

माझं लक्ष भुताकडं नव्हतंच. त्र्याण्णव साली आई आणि मी नागपूरला लग्नाला गेलो होतो. परत आलो तेव्हा मशीनच्या ताडपत्रीवर नवी दोरी होती.

रुचानंच विचारलं, साधेपणानं. "पण काका, भूत त्याला का विचारेल? चूक तर भागीदाराची होती ना?"

काकांनी वरच्या दिव्याकडं पाहिलं.

"त्यानं विचारलं होतं," मग ते म्हणाले. आवाज निराळाच. "हात घालायच्या आधी. सवयच होती त्याला. एकदा विचारून भागायचं नाही. काढला? काढला? नक्की काढला? आणि हा तिन्ही वेळा म्हणाला, काढलाय. घाल हात."

"आणि काढला नव्हता?"

"पौर्णिमेच्या गर्दीआधी मशीन चालू व्हायला हवं होतं. अंधार पडलेला. पेचकस खाली राहिला होता. कोण तेवढ्यासाठी पुन्हा जिना उतरून..."

"माळा," रुचा म्हणाली. "माळा म्हणालात ना काका? जिना कुठला?"

काकांनी मान फिरवली.

मी उठून त्यांच्यासमोर गेले. तोंड दिसत नव्हतं. पांढरे केस दिसत होते.

"काका, तुम्ही करंट काढला होता?"

"अवनी, बाळ, मी मिर्झापूरच्या..."

"काढला होता?"

दोरी त्यांच्या हातातून सरकत होती. टोपली हळूहळू खाली येत होती आणि त्यांना ते कळत नव्हतं.

"नक्की काढला होता?"

तिसऱ्यांदा मी हळू विचारलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. काकांना मात्र आला असावा, कारण त्यांनी मोकळा हात कानावर नेला.

"एक जिना होता गं," ते म्हणाले. "फक्त एक जिना."

मला किंचाळायचं होतं. बाबांच्या अंगावर टाकलेला तो उतावळेपणा, आईचे ते दरवर्षीचे आभार, सगळं त्यांच्या तोंडावर फेकायचं होतं. तीनदा विचारून हात घालणारा माणूस उतावळा? ज्यानं मरणात ढकललं त्यानंच बारा वर्षं वाट दाखवायला दिवा चढवला, आणि दिवा चढवून खाली आला की मला सांगितलं, बापासारखी करू नकोस! आणि मी यांच्या पाया पडत होते. दर दसऱ्याला.

त्याऐवजी मी त्यांच्या हातातली दोरी काढून घेतली, टोपली पुन्हा वर नेली आणि गाठ मारली. मग रुचाचा टॉर्च घेतला आणि खाली निघाले.

"अवनी, रुक ना! मुझे यहाँ मत छोड़," म्हणत रुचा मागून आली.

मधल्या मजल्यावर पाय ठेवला आणि दोघींना एकदमच वास आला. फटाका वाजून गेल्यावर येतो तसा.

बत्ती अजून आलेली नव्हती. मशीनचा प्लग काढलेला होता, वायर वेटोळं करून मीच खिळ्याला अडकवली होती. मागची फळी आपल्या सहा स्क्रूंवर घट्ट. सगळं मी ठेवलं तसंच. पुडाही मशीनच्या डोक्यावर तिथंच. दुकानदाराची गाठ न सुटलेली.

मी टॉर्च रुचाकडं दिला आणि सुतळी सोडली. गाठ इतकी घट्ट होती की दात लावावे लागले. आतलं वर्तमानपत्र कोरं करकरीत, कुठं डाग नाही.

"काय आहे?" वरून काकांचा आवाज आला. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. "पोरी, काय आहे तिथं?"

रुचानं टॉर्च जवळ आणला. मी तिचं मनगट धरून उजेड पेचकसावर नेला.

पेचकस नवाच होता. मुठीवर किमतीची चिठ्ठी तशीच. फक्त टोकाशी, ठिणगी जिथं बसते तिथं, धातू जळून खड्डे पडले होते. बारीक, काळे, एकाशेजारी एक.

तीन.