फिकट लाल

बाहेर बोचरा, बर्फाळ पाऊस सुरू झाला, म्हणून ती समोर दिसली त्या खाणावळीत शिरली, एवढंच. नव्या बुचांची पिशवी मांडीवर घेऊन ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली आणि स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून जे दिसलं, त्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक उंच आचारी उकळत्या मटणात तिच्या घरची वाइन ओतत होता, तीही बाटली सरळ उलटी करून.

ती तडक आत गेली.

"ही प्यायची असते."

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या चिखलाच्या बुटांकडे. "असं कोण म्हणतं?"

"जिने केली ती."

आचाऱ्याचा हात जरा थबकला... पण तोही काही कमी मानी नव्हता. रंग बघा, म्हणाला, पाणी घातल्यासारखा. चव आंबट. आपल्या मिरीदार मटणापुढे ती टिकतच नाही.

तिने फळीवरच्या दुसऱ्या बाटलीला हात लावला. फळी भट्टीच्या डोक्यावर होती आणि बाटली ताप चढल्यासारखी गरम. तिने काही न विचारता ती गार पाण्याच्या बादलीत बुडवली, आणि पाव तास तिथेच उभी राहून त्याला ऐकवत राहिली. थंड डोंगरावर ऊन बेतानेच मिळतं. द्राक्ष सावकाश पिकतं, साल पातळ राहते, म्हणून रंग फिका आणि तुरटपणा कमी. पण आंबटपणा जिवंत असतो, आणि वास... चेरीचा, पावसात भिजलेल्या पाचोळ्याचा. उष्णतेने तो सगळा मरतो. "आणि वर तुमची मिरी! लोहाराच्या दुकानात बासरी ऐकायला बसलात, आणि म्हणता ऐकू येत नाही."

गल्ल्यावरून त्याची आत्या हसली. खाणावळ तिचीच होती. "अगं बाई, याला बोलणारी भेटली एकदाची."

त्याने एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग पेला दाराच्या उजेडात धरला.

"बरी आहे," तो म्हणाला.

"नुसती बरी?"

"उद्या या. याच्याबरोबर काय चालतं ते बघू."

शनिवारी टँकर येणार आहे, हे तिने त्याला तेव्हा सांगितलं नाही. 'पाणी घातलंय का?' हे गिऱ्हाइकांचं पालुपद ऐकून बाबा थकले होते. सपाटीवरच्या गरम मुलखातली काळीभोर वाइन मिसळून यंदा रंग गडद करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. तिची चार वर्षांची मेहनत त्या काळ्या रंगात बुडणार होती. एका तरी खाणावळीने आहे तशी प्यायला ठेवली तर फेरविचार करीन, एवढंच ते म्हणाले होते.

ती दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्याही. सोमवारी मसूर आणि भाजलेलं बीट झालं, मंगळवारी मऊ चीज. बुधवारी त्याने भाजलेला रावस पुढे ठेवला. लाल वाइनबरोबर मासा? ती हसली, पण एक घास खाल्ल्यावर तिने ताट जवळ ओढलं. त्याने तेवढ्यात विजय मिळवल्यासारखी भुवई उडवली, आणि तिने ती न पाहिल्यासारखं केलं. त्या दिवशी निघताना तिने टँकरचं सांगून टाकलं. तो नुसतं म्हणाला, "शुक्रवारी दुपारी बाबांना घेऊन या."

शुक्रवारी बाबा आले ते कपाळावर आठ्या घेऊनच. त्याने स्वतः ताट आणलं. खरपूस कातडीचं बदक, शेजारी लोण्यात परतलेली अळंबी, मिरीचा कणही नाही. बाबांनी घास घेतला, वर घोट. बदकाची चरबी त्या आंबटपणाने अशी धुऊन निघाली की पुढचा घास पहिल्यासारखाच लागला. त्यांनी ताट पुसून खाल्लं. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या जोडप्याने विचारलं, ही फिकट लाल कुणाची?

बाबांनी ताठ बसून उत्तर दिलं, "माझ्या मुलीची."

मग ते आत्याकडे फोन मागायला गेले आणि टँकरवाल्याला त्यांनी येऊ नको म्हणून सांगितलं. तिने मान खाली घातली नाही, डोळेही पुसले नाहीत. तशीच स्वयंपाकघरात गेली.

तो पाठमोरा उभा होता. "मी आजवर कुणापुढे 'चुकलो' म्हटलेलं नाही," तो म्हणाला.

"मग म्हणा. मी ऐकतेय."

"वाइनबद्दल चुकलो." तो वळला. कान लाल झाले होते. "पण तुमच्याबद्दल... पहिल्या दिवशी जे वाटलं, ते बरोबर होतं."

"काय वाटलं होतं?"

"की या बाईने इथून परत जाऊच नये."

तिने कपाळावरचा घाम पुसला. भट्टी धगधगत होती.

"मला उकाडा सोसत नाही," ती म्हणाली. "डोंगरावर राहावं लागेल. आणि रोज उतरून यावं लागेल, आत्यांची खाणावळ सोडायची नाही."

"रोज चढेन."

"बघा हं. चढ मोठा आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "गुरुवारी सुट्टी होती ना, चढून बघून आलो."