भर उन्हात थांबलेली पेटी

चंद्रपुरात त्या दुपारी पारा एकोणपन्नासावर गेला होता आणि केतकीचा त्याहून वर. तिच्या घरावर सौरपट्ट्या होत्या. समोरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या घरांवरही; गल्लीत एक छप्पर मोकळं नव्हतं. ऊन तर असं, की पाखरूही दिसेना. मग घरातली वीज गेली कुठे?

कोडं गमतीचं नव्हतं. तिच्या आजोबांचं, आबाजींचं, प्राणवायूचं मशीन विजेवर चालायचं आणि ते बंद पडलं होतं. आता नाकातली नळी जोडली होती जादा सिलिंडरला, आणि त्यात तासाभराचाच वायू उरला होता. आई अँब्युलन्सला फोन लावून थकली. आज सगळ्या शहराला अँब्युलन्स हवी होती.

"आबाजी, आपली पेटी बिघडली का?" पेटी म्हणजे इन्व्हर्टर (पट्ट्यांची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र).

आबाजींची हयात वीजकेंद्रात गेलेली. "बिघडली नाही, मुद्दाम थांबलीय," ते धापा टाकत म्हणाले. "सगळ्यांचे कूलर एकदम चालले. रोहित्रावर (विजेचा दाब कमी-जास्त करणारं यंत्र) भार आला. हवाच भट्टीसारखी, ते निवणार कसं? त्याचा फ्यूज उडाला. रस्त्याची तार मेली, की पेटी आपणहून बंद होते."

पेटीवर दुरुस्तीची लाल कळ होती. ती दाबली की पेटी जबरदस्तीने चालू व्हायची. केतकीने कळीवर बोट ठेवलं.

"हात काढ!" आबाजी ओरडले आणि खोकत राहिले.

"तुमच्यासाठीच करतेय ना!" तिला रडू फुटलं.

"ही वीज घरात थांबत नाही, बाळा. त्याच तारेने उलटी रस्त्यावर जाते. तिथे कोणीतरी खांबावर चढलंय, तार मेलेली समजून."

"मग मेन स्विच बंद करू?"

"पट्ट्या मेनच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूला जोडल्यात. मेन पाडला तर पट्ट्यांपासून आपलं घर तुटेल, रस्ता नाही. त्याला वेगळा स्विच लागतो. तो बसवायचं हिवाळ्यापासून मीच उद्यावर ढकलतोय."

केतकीने बोट काढलं. तिला आबाजींचा राग आला आणि खांबावरच्या त्या अनोळखी माणसाचाही.

तास सरत आला. आबाजींचे ओठ निळसर पडले. आई त्यांची पाठ चोळत बसली होती आणि केतकी सिलिंडरच्या काट्याकडे बघत होती. अचानक वीज आली आणि मशीन घुरघुरलं. आईने नळी सिलिंडरवरून काढून मशीनला जोडली. बऱ्याच वेळाने आबाजींनी डोळे उघडले, पण बोलायचं त्राण त्यांच्यात नव्हतं.

दारात हेल्मेट घातलेली एक बाई उभी होती. हात काळे, चेहरा घामाने निथळलेला. नुकतीच खांबावरून उतरलेली, वीजखात्याची शेवंता मडावी.

"थोडं पाणी देशीन का, बेटा?"

केतकीने तांब्या दिला. शेवंता घटाघटा प्यायली. "पुढच्या वर्षी या गल्लीत मोठी बॅटरी येनार हाये. शहराचं विजेचं जाळं बंद पडलं, की गल्ली आपली तुटून वेगळी होईन अन् स्वतःच्या उन्हावर चालन. तवर मात्र मले खांबावर चढाच लागते."

केतकीने खाली बघत सांगितलं, "मावशी, मी पेटी जबरदस्तीने चालू करणार होते. तुम्ही वर असताना."

शेवंताने तांब्या खाली ठेवला. तिने आतल्या खाटेकडे पाहिलं, मग केतकीकडे.

"आता नाही ना करनार?"

केतकीने नकारार्थी मान हलवली.

"मग उद्याही चढीन मी."