भिंतीतला लाल धागा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर हसू यायचं नाही.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. तिने मला ते एकदाच सांगितलं. झ्लातिनामावशीला थापा मारता येत नाहीत, मारल्या की तिचे कान लाल होतात. त्या दिवशी ते पांढरेफटक पडले होते.

आमचं गाव बल्गेरियात, डोंगराच्या पायथ्याशी. मावशी तिथल्या वाचनालयात ग्रंथपाल. वाचनालय म्हणजे एका लोकरीच्या व्यापाऱ्याचं जुनं दुमजली घर.

फेब्रुवारीतली दुपार होती. द्राक्षाच्या वेली छाटायचा सण. अख्खं गाव मळ्यात वाइन पीत बसलेलं.

मावशीचा नोकरीचा शेवटचा दिवस होता. लेक एलित्सा न्यायला येणार होती. एलित्साला नववा महिना लागला होता. मावशी कायमची तिच्याकडे शहरात निघाली होती, नातवंडाला मांडीवर घ्यायला. महिनाभर दुसरं काही बोलतच नव्हती.

आता त्या घराबद्दल. बांधताना त्याची मागची भिंत उभीच राहीना. शेवटी गवंड्याने दारात आलेल्या मोलकरणीची सावली लाल धाग्याने मापली आणि तो धागा भिंतीत चिणला. आमच्याकडे चालायचं असं. ज्याची सावली चिणली तो चाळीस दिवसांत जातो, आणि मग त्या घराचाच होऊन राहतो.

ती पोर गेली. भिंत राहिली.

आजही बांधकामाजवळून जाताना आमच्याकडच्या बाया पोरांना उन्हातून ओढून बाजूला घेतात.

तर त्या भिंतीला मोठी चीर गेली होती. सकाळी स्टामेनकाका ती दुरुस्त करायला आले. म्हातारे गवंडी, पिढीजात. चीर मोकळी करताना आतून बोरूच्या काडीचा एक तुकडा निघाला. त्याला लाल धागा गुंडाळलेला...

"पोरी, हात लावू नकोस याला," काका म्हणाले. "जेवून येतो आणि परत लिंपून टाकतो."

"जेवून की पिऊन?"

"सणाला दोन्ही एकच असतं."

काका गेले. मावशी त्या धाग्याकडे बघत बसली. तिला वाईट वाटलं, दुसरं काही नाही. कोणाची तरी लेक, इतकी वर्षं भिंतीत.

"मी सुटतेय ना आज," ती म्हणाली. "मग तूही सूट, बाई."

आणि तिने धागा शेगडीत टाकला.

तो जळाला तसा... वरच्या मजल्यावर पावलं वाजली. हलकी. धावणारी. पावलं जिना उतरली, मावशीच्या अगदी जवळून गेली आणि अंगणात गेली.

दार धाडकन लागलं.

मग शांत.

इतकं शांत की शेगडीतलं लाकूडसुद्धा तडकेना.

मावशी उठली. दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हतं. ओढलं. हललं नाही. खांदा लावला, लाथ मारली. छे. खिडक्यांना लोखंडी गज. हाका मारल्या, पण ऐकायला गावात होतं कोण? फोन काढला. तो मेल्यासारखा काळा पडलेला.



आणि मागे माती पडल्याचा आवाज... चीर रुंदावत होती.

पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. टेबलाची सावली जमिनीवर होती. खुर्चीची होती. पण मावशीची सावली...

ती लांब होत होती. मावशी जागची हलली नव्हती, तरी सावलीचं डोकं त्या चिरेकडे सरकत होतं, कोणीतरी पलीकडून ओढत असल्यासारखं.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरातलं माणूस तिने सोडून दिलं होतं. घराला दुसरं हवं होतं.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

"आई! आवरलं का? आम्ही आलो."

आणि इतका वेळ न हललेलं दार... आपोआप उघडलं. अलगद. पाहुण्याला उघडावं तसं.

एलित्सा फाटकातून येत होती. ऊन तिच्या पाठीशी. पोटासकट तिची लांब सावली तिच्या पुढे, उंबऱ्याकडे सरकत होती. एका सावलीत दोन जीव.

मावशीला ओरडायचं होतं. पण तेवढा वेळ नव्हता.

एक मार्चला मनगटावर बांधायला आम्ही लाल-पांढरे गोंडे करतो. पोरांसाठी ते करायला आणलेली लोकर टेबलावर होती. मावशीने लाल लोकर उचलली, टोक स्वतःच्या पायाखाली दाबलं, सावलीच्या डोक्यापर्यंत ताणली, दाताने तोडली आणि हात कोपरापर्यंत चिरेत घालून कोंबली.

माती पडायची थांबली.

एलित्सा आत आली. "हे काय गं, हात चुन्याने भरलेत तुझे."

"काकांना मदत करत होते," मावशी म्हणाली. तिचे कान लाल झाले.

संध्याकाळी स्टामेनकाका परतले. चिरेत डोकावले. त्यांची वाइन एका क्षणात उतरली.

"कोणाची?"

"माझी."

त्यांनी टोपी काढली. मग भिंत लिंपली.

मावशी चाळीस दिवसांत गेली नाही. कधीकधी वाटतं, गेली असती तर बरं झालं असतं. देवा, काय बोलून जातो मी.

त्या संध्याकाळी ती गाडीत बसली खरी. गावाच्या वेशीवर तिचा श्वास बंद पडला. मागे फिरल्यावरच तो सुरू झाला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग फाटकसुद्धा ओलांडता येईना. आता ती त्याच घरात राहते. नात झाली, नेदा. बाळंतपण दुसऱ्यांनी केलं.

नेदा आता सात वर्षांची आहे. गेल्या एक मार्चला मी तिला आजीकडे घेऊन गेलो. मावशी नेहमी सकाळी बोलावते, तेव्हा ऊन समोरून असतं, सावल्या मागे पडतात. आमची गाडी वाटेत बिघडली. पोचेपर्यंत दुपार कलली.

मावशी अंगणात उभी होती. आम्हाला बघून तिचा चेहरा उतरला.

नेदा फाटकातून आत धावली. गोंडा बांधायला तिने आजीचा हात धरला आणि खाली बघितलं. मीही बघितलं.

अंगणात झाडाची सावली होती. आम्हा दोघांची होती.

मावशीची नव्हती.

"आजी, तुझी हरवली?" नेदा म्हणाली. तिची स्वतःची सावली आजीच्या पायांवरून पुढे, उंबऱ्यापर्यंत पोचली होती. "माझी घे ना. मग तुला आमच्याकडे येता येईल."

मावशीच्या मागे दार... अलगद उघडलं.

मावशीने सात वर्षांच्या पोरीला दोन्ही हातांनी फाटकाबाहेर ढकललं. नेदा पडली, गुडघा फुटला. मी तिला उचलायला बाहेर धावलो, तशी मावशीने फाटकाची कडी आतून लावली.

"हिला पुन्हा आणू नकोस," मावशी गजांतून मला म्हणाली. "कधीच नाही. शपथ आहे तुला."

नेदा अजून विचारते, आजी माझ्यावर का चिडली. काय सांगू तिला?

निघताना मी एकदाच मागे वळून पाहिलं होतं. मावशी फाटकाचे गज धरून उभी होती.

आणि तिच्या मागे ते दार... तसंच सताड उघडं होतं.