हजेरीचा फोटो

तिला वाटलं होतं, इथे माणसं माणसांजवळ बसतात. परदेशात शिकून, दोन बॅगा आणि डोकंभर स्वप्नं घेऊन परतलेली पोरगी ती. कर्करोगाच्या वॉर्डात ‘सोबती’ म्हणून तिने नाव दिलं. दिसलं काय? सोबत्यांची पिवळी जाकिटं घातलेली मंडळी यायची, पेशंटचा हात हातात घेऊन फोटो काढायची आणि दारातल्या बाटलीतलं जंतुनाशक हाताला चोळत पसार व्हायची.

“चेहरे नकोत, फक्त हातात हात,” सोबत्यांच्या प्रमुख ताईंचा नियम. “फोटो ग्रुपवर पडला की हजेरी लागली.”

मी तेव्हा इथली लिफ्ट चालवायचो, पोरांनो. आज सोबती म्हणून तुमची पहिली रात्र, म्हणून सांगतो. हे मला तिनेच सांगितलंय.

नऊ नंबरच्या खाटेवर शिवणकाम करणारी एक मावशी होती. औषधांनी नखं काळी पडलेली, बोटं बधिर.

“बघ, नखं रंगवायचा खर्च वाचला!” ती हसायची. मग म्हणायची, “सुई टोचली तरी कळत नाही गं आता. पण कुणी हात सोडला की बरोब्बर कळतं. आणि पुसतात कसे बघ, जणू उंदीर धरला होता!”

“मला तर किळस येते या लोकांची, मावशी.”

“मग तू थांब. बुधवारी तुझी रात्रपाळी ना, तेव्हा. मला एकटीला जायचं नाही.”

“थांबते. शब्द देते.”

बुधवारी मावशीला उलटी झाली. हिरवट, चिकट, पोरीच्या कोपरापर्यंत. “आलेच हं, मावशी...” म्हणत ती बेसिनकडे धावली. तीनदा हात धुतला. वास जाईना. पाय वॉर्डाकडे वळेनात. उजाडेपर्यंत ती खाली बाकावर बसून राहिली, आणि हजेरीसाठी मागच्या आठवड्याचा फोटो ग्रुपवर टाकून मोकळी झाली.

त्याच रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी मावशी गेली. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, तिचा हात शेवटपर्यंत खाटेबाहेर पसरलेला होता.

दुसऱ्यांची किळस करणं सोपं असतं. आता पोरीला स्वतःचीच शिसारी आली.

पुढच्या बुधवारी तिची पुन्हा रात्रपाळी होती. ताईंचा निरोप आला, “नऊ नंबरला सकाळी नवा पेशंट येतोय. स्वच्छ चादर घालून ठेव.” साधं काम. दोननंतर वॉर्ड निजला, तशी तिने फोन दाराशी चार्जिंगला लावला आणि चादर घेऊन खाटेपाशी गेली.

चादर अंथरली. कोपरे खोचले. भिंतीवरच्या घड्याळात दोन चाळीस.

वास आला. तोच. आंबट, कडवट.

उजवा हात ओला झाला... कोपरापर्यंत.

कुणीतरी धरला होता.

सोडवायला डावा हात पुढे केला. तोही धरला गेला. थंड. जड.

“मावशी...?”

...

घशाशी आलं. पळावंसं वाटलं. पण या खेपेला ती हलली नाही. खुर्ची पायाने ओढली. बसली. आलेलं गिळलं. बसूनच राहिली.

पाचला पकड सुटली. हात कोरडे होते.

दाराशी जाऊन तिने फोन उचलला. ग्रुपवर फोटो होता. नव्या चादरीवर तिचे दोन्ही हात, काळ्या नखांच्या दोन हातांत. तिच्याच नंबरवरून, दोन चाळीसला गेलेला. खाली ताईंचा अंगठा. “छान! हजेरी लागली.”

फोन बारा पावलांवर होता आणि तिचे दोन्ही हात अडकलेले. मग फोटो काढला कोणी? मला विचारू नका. तो अजून ग्रुपवर आहे.

सकाळी तिने त्याच्याखाली लिहिलं, “मागच्या बुधवारचा माझा फोटो जुना होता. मावशी गेली तेव्हा मी खाली बाकावर बसले होते. यापुढे मी फोटो टाकणार नाही.” फोन बंद केला. घरी गेली नाही. नऊ नंबरला नवा पेशंट आला होता, आणि त्याला उमासे येत होते. तिने भांडं उचललं आणि खुर्ची त्याच्या जवळ ओढली.